पेपर हाती आल्यावर काहीच आठवत नाही: परीक्षेच्या ताणाविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुटी संपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो आणि पुढचे तीन-चार महिने बहुतेक पत्रे परीक्षेभोवतीच फिरतात. या वेळी आलेल्या पत्रांतून सहा निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत आणि पत्रे थोडक्यात घेतली आहेत. मी स्वतः अनेक वर्षे शाळेत गणित शिकवले आणि मग समुपदेशनाकडे वळले, त्यामुळे उत्तरांत अधूनमधून गणिताची बाई डोकावली तर वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातील दहावीची विद्यार्थिनी आहे. घरी मला उदाहरणे सुटतात. पूर्वपरीक्षेत मात्र बीजगणिताचा पेपर हाती आला आणि पहिली वीस मिनिटे एकही सूत्र आठवेना. तळहात घामाने ओले झाले. बाजूच्या मुली भराभर लिहीत होत्या. घरी येऊन मी त्याच पेपरमधली बरीच उदाहरणे अर्ध्या तासात सोडवली. बोर्डाच्या परीक्षेत असेच झाले तर काय करायचे? आई म्हणते, टेन्शन घेऊ नकोस. पण ते न घेता राहायचे कसे?

उत्तर: तुझ्या आईचा सल्ला मायेचा आहे, पण तो पाळणे आजवर कोणाला जमलेले मी पाहिलेले नाही. ताण घ्यायचा नाही असे ठरवले की मन तो गेला की नाही हे पाहण्यात गुंतते आणि मूळ काम बाजूला राहते. म्हणून तो घालवण्याचा खटाटोप आपण करायचा नाही. ताण असतानाही हात चालता कसा ठेवायचा, एवढेच शिकायचे. कबड्डीच्या मैदानात पहिल्या चढाईला निघालेल्या मुलीच्या छातीतही धडधड होतेच. शरीर अॅड्रेनलिन सोडते, हृदय वेगाने चालते, तळहातांना घाम येतो. यावरून तयारी कमी पडली असा निष्कर्ष काढायचे काहीच कारण नाही.

आता सूत्रे कुठे गेली ते पाहू. चालू काम करण्यासाठी आपल्या मनाकडे जणू एक लहानशी पाटी असते आणि तिच्यावर एका वेळी चार-पाच गोष्टींपेक्षा फार काही मावत नाही. उदाहरण सोडवताना दिलेल्या किमती, सूत्र आणि पुढची पायरी हे सगळे त्या पाटीवर मांडावे लागते. त्याच वेळी ‘सगळ्या लिहीत आहेत, मलाच येत नाही, आता घरी काय सांगू’ हे विचारही त्याच पाटीवर उमटू लागले, तर सूत्रासाठी जागाच उरत नाही. सूत्र पुसले गेलेले नसते, ते आत सुखरूप असते. घरी आल्यावर तू तीच उदाहरणे सोडवलीस, यापेक्षा मोठा पुरावा मी तुला देऊ शकत नाही.

तरीही एक अवघड प्रश्न तुला विचारते. घरी उदाहरणे ‘सुटतात’ तेव्हा सोडवलेले उदाहरण किंवा मार्गदर्शक समोर उघडे असते का? बहुतेक मुलांच्या बाबतीत ते असते. पाहिलेली पायरी ओळखीची वाटते आणि ओळखीची वाटली म्हणजे येते, अशी आपली समजूत होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. गणितालाही हे तंतोतंत लागू पडते. तेव्हा आजपासून पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचे, अडले तरी दोन-तीन मिनिटे अडूनच राहायचे आणि मगच पान उघडायचे. सुरुवातीला हे फार त्रासदायक वाटेल, कारण आपल्याला किती येत नाही ते रोज दिसेल. पण ते आत्ता घरात दिसलेले बरे.

दुसरे काम म्हणजे परीक्षेतले वातावरण घरी आणणे. बोर्डाचा बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. आठवड्यातून दोनदा सकाळी ११ वाजता, शक्यतो स्वतःच्या घराऐवजी मैत्रिणीच्या ओसरीवर किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात, घड्याळ लावून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायची. मोबाइल आणि वही जवळ ठेवायची नाही, मध्ये उठायचे नाही. पहिल्या दोन-तीन वेळा अगदी पूर्वपरीक्षेसारखेच होईल आणि तसे व्हायलाच हवे. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत ती बेचैनी तुझ्या परिचयाची झालेली असेल.

प्रत्यक्ष परीक्षेतली पहिली पाच मिनिटे आधीच ठरवून ठेव. प्रश्नपत्रिका मिळाली की विसरण्याची धास्ती असलेली सूत्रे कच्च्या कामाच्या जागेत उतरवून काढायची. एकदा कागदावर आली की पाटी मोकळी होते. मग पहिला प्रश्न घ्यायचा. तो ८ गुणांचा आणि पेपरमधला सर्वांत सोपा असतो, आणि एकदा पेन चालू लागले की मनही मागून येते. काहीच सुचेनासे झाले तर पेन खाली ठेव, चार आकडे मोजत श्वास घे आणि सात-आठ आकडे मोजत सावकाश सोड. असे पाच वेळा केल्यास मिनिटभरच जाते. श्वास लांबवून सोडताना हृदयाची गती उतरते, त्यामुळे सारा भर सोडण्यावर ठेवायचा. मात्र याचा सराव आठवडाभर घरी झालेला हवा, नाहीतर ऐन वेळी ते आठवायचेच नाही.

आणखी एक उपाय विचित्र वाटेल, पण करून पाहा. शिकागो विद्यापीठातील दोन संशोधकांनी नववीच्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्राच्या परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या मनातली परीक्षेची भीती कागदावर लिहायला सांगितले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एरवी परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्यामुळे सुधारलेले दिसले. भीती कागदावर उतरली की तिने अडवलेली जागा सुटते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी साडेदहा वाजता जो घोळका ‘ते केलंस का, हे येणारच आहे’ असे म्हणत असतो, त्याच्यात उभे राहण्यापेक्षा ती दहा मिनिटे एका कोपऱ्यात वही घेऊन बसण्यात घालव. लिहिलेला कागद मात्र आत जाण्यापूर्वी फाडून टाक, पर्यवेक्षकांचा उगाच गैरसमज नको.

शेवटी गणिताची बाई म्हणून एक हिशेब. बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २० असे मिळून गणिताचे १०० गुण होतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी त्यांपैकी ३५ लागतात. शिवाय २०२३ पासून पेपरच्या शेवटी १० मिनिटे वाढवून दिली जातात. वीस मिनिटे वाया गेली तर काही गुण जातील, त्याहून अधिक काही जाणार नाही.

प्रश्न: आम्ही लातूरला राहतो. मुलगा बारावी सायन्सला असून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. क्लासहून रात्री आठला येतो, तीनपर्यंत जागतो, मधे चार-पाच वेळा चहा होतो. दुपारी मोकळा असला की झोपतो. काही विचारले की अंगावर येतो. फी भरण्यासाठी आम्ही कर्ज काढले आहे. त्याला तसे बोलून दाखवलेले नाही, पण त्याला कळत असणार. आई म्हणून मी काय करावे?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातील दुपारच्या झोपेचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. नीटची परीक्षा दुपारी २ ते ५ या वेळेत होते, तीही मे महिन्याच्या उन्हात, आणि या तीन तासांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. ज्या मुलाने वर्षभर रात्री दोन वाजता सर्वांत ताजेतवाने राहण्याची आणि दुपारी तीन वाजता झोपण्याची सवय शरीराला लावली आहे, त्याचे डोके नेमके परीक्षेच्या वेळी पेंगुळणार. अभ्यास कमी पडला नाही तरी गुण कमी पडण्याचे हे एक अगदी साधे कारण आहे. त्याला ‘लवकर झोप’ म्हणून सांगू नका, ते त्याने हजारदा ऐकलेले असेल. परीक्षेची वेळ पुढे करा आणि आतापासूनच रोज दुपारी २ ते ५ सराव परीक्षा सोडवायची असा वेळ बसवायला सांगा. क्लास असेल त्या दिवशी जमणार नाही, पण रविवारी आणि सुटीच्या दिवशी नक्की जमेल.

या वयात आठ तासांच्या आसपास झोप लागते आणि दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे काम मोठ्या प्रमाणात झोपेतच होते. चहातील कॅफिनचा साधारण निम्मा अंश पाच तासांनंतरही शरीरात असतो, म्हणजे रात्री अकराचा चहा पहाटे चारपर्यंत झोपेच्या आड येतो. चहा एकदम बंद करू नका, डोके दुखेल. संध्याकाळी सहानंतरचा एकेक कप कमी करत न्या.

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तराचा १ गुण कापला जातो. अपुरी झोप झालेले, घाबरलेले मूल सोडून देण्याजोगा प्रश्नही ठोकून देते. तेव्हा सराव परीक्षेनंतर ‘किती पडले’ असे विचारण्याऐवजी ‘किती प्रश्न विचार करून सोडून दिलेस’ असे विचारून पाहा. मुलाला पहिल्यांदाच कोणी गुणांपलीकडचे काहीतरी विचारते आहे असे वाटेल. आणि ताटावर बसल्यावर तर परीक्षेचा विषय अजिबात नको. तुमच्या शहरात क्लासच्या गल्लीत दर दहा पावलांवर गेल्या वर्षीच्या यशस्वी मुलांच्या फोटोंचे फलक लागलेले असतात. घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत तो तेच पाहत असतो. निदान वरणभात तरी त्यातून सुटू द्या.

कर्जाचे मात्र मोकळेपणाने बोला. न बोललेले कर्ज मुलाच्या मनात खऱ्यापेक्षा मोठे होत जाते. तुम्ही दोघांनी त्याला एकदा समोर बसवून किती रक्कम आहे, हप्ता किती आहे आणि तो तुम्ही कसा फेडणार आहात हे सांगा. ते फेडणे ही तुमची जबाबदारी आहे, त्याच्या गुणांची नव्हे, हेही त्याच शब्दांत सांगा. नीटची परीक्षा जमली नाही तर पुढे काय, याची चर्चाही आत्ताच करून ठेवा. राज्याची सीईटी, बी.एस्सी., कृषी, फार्मसी, नर्सिंग अशी नावे घरात उच्चारल्याने मूल ढिले पडते, असा पालकांचा समज असतो. माझा अनुभव उलट आहे: मागे दरी नाही हे कळलेले मूल अधिक मोकळेपणाने पळते.

चिडचिड या वयात आणि या वर्षात होतेच. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ तो जेवत नसेल, आवडीच्या गोष्टीही सोडल्या असतील, सतत रडू येत असेल किंवा छातीत धडधडून श्वास अडकल्यासारखे वारंवार होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अशी सोय जिल्हा रुग्णालयातही असते.

प्रश्न: परीक्षेच्या काळात स्मरणशक्ती वाढवणारे औषध घ्यावे का? आमच्या क्लासमधील काही मुले हृदयाचे ठोके कमी करणारी गोळीही घेतात.

उत्तर: पाठ न केलेले आठवून देणारे औषध अजून निघालेले नाही. ठोके कमी करणारी गोळी तर डॉक्टरांना न विचारता मुळीच घेऊ नये. तिने रक्तदाब उतरतो आणि दमा असणाऱ्याला ती धोक्याची ठरू शकते. सतत थकवा येत असेल, विशेषतः मुलींना, तर त्याऐवजी रक्त तपासून हिमोग्लोबिन पाहावे. पुष्कळदा ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ या तक्रारीचे उत्तर तिथे सापडते.

प्रश्न: मी वसतिगृहात राहते. माझी खोलीतील मैत्रीण दोन विषयांत मागे पडली आहे. परवा रात्री ती म्हणाली की, निकालाच्या आधीच सगळे संपवून टाकावेसे वाटते. तिने कोणाला सांगू नकोस अशी शपथ घातली आहे. मी काय करू?

उत्तर: तुला मी टपालाने स्वतंत्र उत्तर पाठवले आहेच, पण हा प्रसंग अनेकांवर येतो म्हणून येथेही लिहिते. ही शपथ मोड. मैत्रीण आठ दिवस रागावेल, तेवढे चालेल. आजच तिला शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचार, ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे विचारल्याने कल्पना डोक्यात भरते, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले की ओझे उतरल्यासारखे वाटते. ती बोलू लागली की सल्ला देऊ नकोस, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक असतात’ असे तर मुळीच म्हणू नकोस. फक्त ऐक आणि तिला एकटे सोडू नकोस. त्याच दिवशी वसतिगृहाच्या अधीक्षकांना किंवा विश्वासातील एखाद्या शिक्षिकेला सांग आणि तिच्या घरी कळेल असे पाहा. केंद्र शासनाच्या ‘टेलिमानस’ या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनाशुल्क असून दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येते आणि मैत्रिणीच्या वतीने तू स्वतःही फोन करू शकतेस. दोन दिवस घाबरून काढल्यावर तुलाही कोणाशी तरी बोलावेसे वाटेल, तेव्हाही हाच क्रमांक आहे.

प्रश्न: मी २७ वर्षांचा असून मराठवाड्यातून पुण्यात एमपीएससीसाठी आलो, त्याला चार वर्षे झाली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो. आता अभ्यासिकेत बसतो, पण पान उलटत नाही. गावी गेले की ‘काय झाले निकालाचे?’ असे विचारतात म्हणून दिवाळीलाही गेलो नाही.

उत्तर: दहावीच्या मुलीचा ताण आणि तुमचा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिची परीक्षा मार्चमध्ये संपते, तुमची कधी संपणार हे कोणी सांगितलेले नाही. खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८ वर्षांची आहे. ही मोठी मुभा आहे आणि माझ्या मते तेवढाच मोठा सापळाही, कारण थांबण्याची वेळ आयोग सांगत नाही. ती तुम्ही ठरवायची आहे. आणखी किती प्रयत्न आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे कागदावर लिहा आणि घरच्या एका माणसाला वाचून दाखवा. मर्यादा ठरली की ताण वाढेल असे वाटते, पण बहुतेकांना त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागते. त्याच कागदावर दुसऱ्या उत्पन्नाचे नावही लिहा आणि ते काम आठवड्याला दहा तास का होईना, आत्ताच सुरू करा.

पान उलटत नाही ते आळसामुळे नव्हे. चार वर्षे त्याच खुर्चीवर, तीच पुस्तके घेऊन बसल्यावर वाचन निर्जीव होते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे तसेही बैठकीचा निम्मा वेळ लिहिण्यात जायला हवा. अभ्यासिकेतील एका सोबत्याशी ठरवून रोज दोन उत्तरे लिहा आणि एकमेकांची तपासा. दिवसभरात कोणाशीही न बोलता मेसचा डबा खाऊन परत खुर्चीत बसण्याची जी सवय पेठांमधल्या मुलांना लागते, ती यामुळे थोडी तरी मोडेल.

गावी मात्र जा. ‘पुढच्या वर्षापर्यंत देतोय, नाही झाले तर काय करायचे तेही ठरवले आहे’ हे एक वाक्य तयार ठेवा. पारावरच्या मंडळींना तुमचा निकाल हवा असतो असे नाही, त्यांना बोलायला विषय हवा असतो. उत्तर मिळाले की ते कांद्याच्या भावाकडे वळतात.

प्रश्न: माझा पुतण्या गेल्या वर्षी दहावीत दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला होता आणि आठ दिवस कोणाशी बोलला नव्हता. यंदा माझ्या मुलीची परीक्षा आहे. तिला अनुत्तीर्ण होण्याची फार भीती वाटते. निकालाआधी तिला काय सांगून ठेवावे?

उत्तर: दादा, तिला धीराच्या शब्दांपेक्षा माहिती द्या. नापास झाले म्हणजे वर्ष गेले, ही भीती आपल्या पिढीची आहे आणि ती आपण मुलांना वारसाहक्काने देत असतो. दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो, ही गोष्ट तुमच्या पुतण्याला त्या आठ दिवसांत कोणी सांगितली होती का? राहिलेल्या विषयांसाठी निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते. गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले तर गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो; उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून ती विषयशिक्षकांना दाखवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनही मागता येते. उत्तीर्ण होऊनही समाधान झाले नाही, तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येते.

या सर्व अर्जांची मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशी घरातील एका मोठ्या माणसाने फक्त तेवढेच काम अंगावर घ्यावे. ते माणूस तुम्हीच असाल असे तिला आज सांगून ठेवा. निकाल दुपारी १ वाजता संकेतस्थळावर येतो. त्या वेळी तिच्या शेजारी बसा, नातेवाइकांचे फोन स्वतः घ्या आणि टक्के सांगायचे की नाही हे तिला ठरवू द्या.